काडतुसांची किल्ली

२८ एप्रिल

दोन! दोन आहेत! डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं— "हे एक... आणि हे लबाड मागे लपलंय." मला हसू फुटलं ते थांबेचना. पोट हललं की चित्र हलतं म्हणून बाई रागावल्या. नवरोबांचं, म्हणजे पूणच्चाचं, तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत, विचारायचंही नाही, भिंतीवर पाटीच लावलीय. नका सांगू! दोन आहेत एवढं पुरे!

येताना नवरोबांनी जीप आपल्याच फाटकावरून सरळ पुढे नेली, पार माचय्यांच्या कॉफीच्या मळ्यापर्यंत. "कुठे निघालास रे?" तर म्हणतो, "मला वाटलं घर अजून पुढे आहे." जन्मल्यापासून त्याच घरात राहतोय हा माणूस!

२९ एप्रिल

घरात सांगून टाकलं. सासूबाई— मी त्यांना अव्वाच म्हणते— डोळे पुसत थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि डुकराचं मटण शिजायला टाकलं. आनंद झाला तरी त्या चुलीकडे पळतात, दुःख झालं तरी चुलीकडेच.

अज्जा मात्र हिशेबात. अज्जा म्हणजे पूणच्चाचे आजोबा. निवृत्त सुभेदार मंदण्णा, घराचे कर्ते, आणि घरातल्या दुनळी बंदुकीचे धनी. डोळे मिटून बोटं मोजत बसले. मग म्हणाले, "अडचण आहे."

"कसली अडचण, अज्जा?"

"मुलगा झाला की अंगणात एक बार. घरातलं माणूस गेलं की लागोपाठ दोन. अख्ख्या डोंगराला हे पाठ आहे. आता तुला दोन मुलगे झाले तर मी काय करू? दोन बार काढले तर लोक पांढरे कपडे घालून दारात येतील रडायला!"

"आणि मुली झाल्या तर?"

"मग काही अडचणच नाही. मुलीला बार नसतो."

सगळे हसले. मीही हसले. पण हसता हसता कुठेतरी टोचलं, आणि अजून टोचतंय.

१ मे

ठरलं. मुलगी झाली तर तिचाही बार निघालाच पाहिजे. निघणार म्हणजे निघणार!

मला या घरात सून करून आणलं ते कशामुळे? माझ्या माहेरी कैलपोळच्या सणाला झाडाच्या शेंड्यावरचा नारळ मी एका गोळीत पाडला म्हणून. अज्जा तिथे पाहुणे होते. तिथल्या तिथे म्हणाले होते, "ही पोरगी आमच्या पूणच्चाला द्या. याला साधा फणस पाडता येत नाही." म्हणजे पोरीच्या हातात बंदूक शोभते, पण पोरीसाठी बंदूक वाजली तर आभाळ कोसळतं!

अज्जांना हे तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "कॉफी थंड होतेय."

९ जून

ठाण्यात नवे साहेब आलेत. खालच्या सपाटीवरचे, सज्जन, चष्मेवाले. घाटात गाडी लागली म्हणून पहिले काही दिवस नुसत्या लिंबाच्या सरबतावर होते. पलीकडच्या खोऱ्यात लग्नात कुणीतरी हौसेने बार काढला आणि व्याह्यांच्या पाण्याच्या टाकीला भोक पाडलं. म्हणून आज शाळेत सभा. आम्हा डोंगरातल्यांना बंदुकीचा परवाना लागत नाही, ती सूट पणजोबांच्याही आधीची. पण बंदूक ठेवायची कशी आणि उडवायची कधी, हे साहेबांनी वाचून दाखवलं. बंदूक लोखंडी कपाटात, कुलूपबंद. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात, आणि ती किल्ली दुसऱ्या माणसाकडे. बाजारपेठेच्या हद्दीत बार नाही. आणि कुठलाही बार काढायचा तर ठाण्याला एक दिवस आधी कळवायचं. कारण, तारीख, वेळ.

माचय्या उठले. शेजारी, अज्जांचे जन्माचे मित्र आणि जन्माचे वैरी. "साहेब, बाळंतपणाची वेळ पोटातल्या बाळाला विचारून कळवू का?"

साहेब म्हणाले, "अंदाजे कळवा."

मग अज्जा उठले, काठी टेकत, सावकाश. "आणि मयताची?"

साहेब खाली मान घालून लिहीत होते. म्हणाले, "तीही अंदाजे."

अगं बाई! अख्खी शाळा फुटली! बाकांवर लोळले लोक. साहेबांना स्वतः काय बोललो ते कळलं तसे बिचारे कानापर्यंत लाल झाले.

अज्जांनी घरी येऊन पूणच्चाला कागद घ्यायला लावला. "लिही. अर्जदार सुभेदार मंदण्णा. कारण, अर्जदाराचं निधन. बार दोन. तारीख आणि वेळ, वरिष्ठांकडून हुकूम येताच कळवण्यात येईल."

११ जून

ठाण्याने अर्ज रीतसर शिक्का मारून घेतला! अज्जा पोचपावती चौकटीत लावायची म्हणतायत.

१४ जुलै

भातलावणी सुरू झाली. रिवाजाप्रमाणे बंदूक देवघरात गेली. आता कैलपोळची शस्त्रपूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पण साहेबांचा नियम लोखंडी कपाटाचा! मग? मग कपाटच देवघरात आणलं. चार माणसांनी धापा टाकत. अव्वांनी त्याला हळदीकुंकू लावलं, फुलं वाहिली. आता रोज सकाळी त्या कपाटाला नमस्कार करतात. म्हणतात, "आत बंदूक आहे म्हणून नाही गं, आता सवयच झाली."

कपाटाची किल्ली अज्जांच्या गळ्यात. काडतुसांचा डबा कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पिंपामागे. त्याची किल्ली कुणाकडे द्यायची? पूणच्चा सगळं हरवतो. अव्वा म्हणाल्या, "मला नको बाई, मी ती डाळीत टाकून शिजवीन." अज्जांनी सगळ्यांकडे एकेकदा बघितलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. "या घरात अक्कल हिलाच आहे."

१५ जुलै

अर्धी बंदूक माझी! आत्ता कुठे डोक्यात शिरलं! काडतूस नसेल तर बंदूक म्हणजे नुसती काठी!

१६ जुलै

जेवताना जाहीर केलं. "मुलगी झाली आणि तिचा बार निघणार नसेल, तर किल्ली मिळणार नाही."

पूणच्चाला ठसका लागला. अज्जांचा घास हातातच राहिला. "सुनेच्या हाती किल्ली दिली, चूक माझीच." आणि ताट सोडून उठले.

२० जुलै

अज्जा माझ्याशी बोलत नाहीत. निरोप मांजराला देतात. "सांग तिला, पायऱ्या निसरड्या झाल्यात, जपून उतर म्हणावं."

२३ जुलै

बोलले! ओसरीवर मला शेजारी बसवलं. म्हणाले, "देचू, मुलीचं मला वावडं नाही गं. पण दोन बारांचा अर्थ एकच होतो. या अंगणातून दोन बार आता एकदाच निघायचेत, आणि तेव्हा ते ऐकायला मी नसेन. त्याआधी कशाला गावाला फुकट रडवायचं?"

मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. पण किल्ली दिली नाही!

संध्याकाळी अव्वा भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पूणच्चा झाला तेव्हा बार वाजला. अख्खं गाव आलं. त्याच्या आधी मला मुलगी झाली होती, दोनच दिवस जगली. कुणाला कळलंही नाही की ती येऊन गेली." आणि मग, "किल्ली सोडू नकोस."

हे पूणच्चालाही माहीत नव्हतं.

१९ ऑगस्ट

पाय सुजलेत, बांगड्या निघत नाहीत, आणि आत दोघं मिळून कवायत करतात. एक डावीकडून, एक उजवीकडून. सुभेदाराचंच रक्त!

३ सप्टेंबर

कैलपोळ! आज काय मजा आली, लिहिताना अजून हसतेय!

सकाळी बंदूक कपाटातून निघाली. अज्जांनी स्वतः पुसली, तेल लावलं, आणि नळीत फूल खोवलं. ते लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं, आम्ही बंदुकीचं फूल म्हणतो ते. म्हणजे कळलावी! मी हात लावायला गेले तर अव्वा किंचाळल्या, "लांब हो! कळलावी आहे ती, आत्ताच कळा लागतील!"

अज्जा शांतपणे म्हणाले, "राहू दे. या घरात कळलावी आधीपासूनच एक आहे."

नारळाच्या नेमबाजीला मला बंदी. खुर्चीत बसवून ठेवलं, एखाद्या अध्यक्षीणबाईसारखं. साहेबांनाही बोलावलं होतं. मटण आणि तांदळाचे लाडू खाऊन ते इतके खूश झाले की चष्मा ताटातच विसरले. नेम धरला अज्जांनी आणि माचय्यांनी, एकाच वेळी. बारही एकाच वेळी उडाले. नारळ खाली! आता पाडला कुणी? दोघंही "माझा! माझा!" माचय्यांनी नारळ काखेत मारला आणि चालते झाले. अज्जा तेव्हापासून धुमसतायत. "माझ्या गोळीचा नारळ तो. चोर आहे चोर!"

चूक-बरोबर कोण जाणे. पण दोन बार उडाले तरी गावाला एकच ऐकू आला, हे माझ्या लक्षात राहिलं.

५ ऑक्टोबर

तालुक्याच्या इस्पितळात भरती. एक बाळ आडवं बसलंय, उद्या सकाळी ऑपरेशन. भीती वाटतेय आणि आतून उड्या माराव्यात असंही वाटतंय. दोन्ही एकदम कसं वाटतं माणसाला?

तारीख, वेळ दोन्ही आधी माहीत! म्हणून साहेबांना फोन केला. "पूर्वसूचना देतेय, साहेब. कारण, जन्म." इतके हरखले! "पहिल्यांदाच कुणीतरी वेळेत कळवलं, ताई! बार किती लिहू?"

"ते अजून वादात आहे."

अरे देवा— काडतुसांची किल्ली माझ्या पर्समध्येच राहिली! मुद्दाम नाही आणली. बरं, थोडी मुद्दाम.

६ ऑक्टोबर

आली! आला! दोघंही रडतात, मीही रडते! उद्या लिहीन.

७ ऑक्टोबर

आधी मुलगी. मागोमाग मुलगा. तिचे ओठ पूणच्चाचे, त्याचं कपाळ थेट अज्जांचं, आठीसकट!

काल पूणच्चाने लगेच घरी फोन लावला. "अज्जा, पोरगी आणि पोरगा!" पलीकडे अव्वांचा हुंदका, मग भांडं पडल्याचा आवाज. चूल! मग अज्जा. "देव पावला. काडतुसाची किल्ली?"

"देचूकडे."

"दे तिला फोन."

मी फोन कानाला लावला. म्हटलं, "अज्जा, आधी ती आलीय. तिच्याआधी त्याचा बार निघाला तर ती मोठी झाल्यावर मला विचारेल. मी काय सांगू?"

पलीकडे काठी दोनदा आपटली. मग म्हणाले, "पोरी, दुनळी बंदूक आहे. दोन्ही नळ्यांत काडतूस भरतो. दोन्ही चाप एकदम ओढतो. काडतुसं दोन, आवाज एक. तिचंही झालं, त्याचंही झालं, गावही गप्प. चालेल?"

चालेल का! मी हसले आणि टाके असे दुखले की हसता हसता रडले. म्हटलं, "पण खांदा, अज्जा! पूणच्चाला ओढू द्या."

"त्याला फणस पाडता येत नाही!"

पूणच्चा किल्ली घेऊन निघाला तो घाटातून मोटारसायकल उडवतच गेला असणार. पोचल्यावर फोन उघडा ठेवला. मी कानाला लावून पडलेले, एका कुशीत ती, दुसऱ्या कुशीत तो. अव्वांचा आवाज, "बाबा, पाय नीट रोवा."

धाड— धाड!

एक नाही. दोन! स्वच्छ दोन! म्हातारं बोट एक क्षण मागे राहिलं!

मग अज्जांचा आवाज, अगदी बारीक, "देचू... एकच ऐकू आला ना तुला?"

८ ऑक्टोबर

आज दुपारी इस्पितळाच्या खोलीच्या दारात माचय्यांची सून. पांढरी साडी, डोळे सुजलेले. परवापासून माहेरी होती, तिला कुणीतरी अर्धीच बातमी दिलेली. माझ्या गळ्यात पडली. "धीर धर गं देचू, पिकलं पान होतं." मी म्हटलं, "पान कसलं, घरी खांद्याला शेक घेत बसलंय!" तिने माझ्याकडे बघितलं, बाळांकडे बघितलं, आणि मटकन् खाटेवरच बसली.

परवाचं सगळं तिला पूणच्चाने सांगितलं, मी पुन्हा ऐकलं, पुन्हा टाके दुखले. बार ऐकून लोकांनी हातातली कामं टाकली आणि निघाले. मळ्यांतून, शेतांतून, पांढरे कपडे घालून, घरात सुभेदाराशिवाय म्हातारं कोण आहे असं म्हणत. सगळ्यात पुढे माचय्या, लहान मुलासारखे रडत. फाटकातच बसकण मारली. "सुभेदाराऽ, मला सोडून गेलास रे! असा नेमबाज पुन्हा होणे नाही! तो नारळ तुझाच होता रे, तुझ्याच गोळीने पडला होता! मी चोर आहे!"

आणि आतून खणखणीत आवाज, "ऐकलंत ना सगळ्यांनी? साक्षीदार कोण कोण?"

म्हणे माचय्यांनी आधी देवाचं नाव घेतलं आणि मग शिवी दिली. मग दोघं गळ्यात पडले. अव्वांनी मयताला आलेल्या अख्ख्या गावाला मटण वाढलं. साहेबही आले होते, हार घेऊन. परत कसा न्यायचा म्हणून तो अज्जांच्याच गळ्यात घातला.

१४ ऑक्टोबर

घरी आलो. अज्जा ओसरीवर उभे, खांदा अजून काळानिळा. आधी मुलीला घेतलं. तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "पहिला आवाज तुझा होता हं. तुझा भाऊ मागून आला, नेहमीसारखा."

मी चुलीकडे पळाले. अव्वांचीच सून शेवटी.

१५ ऑक्टोबर

अज्जा जेवताना म्हणाले, "घोटाळा करून ठेवलास देचू. आता माझ्या वेळेला दोन बारांवर कोण विश्वास ठेवणार? म्हणतील, सुभेदाराकडे परत जुळी झाली."

"मग काय करायचं?"

"तिसरा लागेल. तो तू काढ. तुझा नेम चुकत नाही."

"आभाळात काढायचा, अज्जा. त्याला नेम कशाला?"

"आहे मी तिथे. लागेल मला."

अव्वांनी दोघांनाही झापलं. मी पाणी पिताना हसले, नाकातून पाणी आलं.

६ नोव्हेंबर

साहेबांनी नियम बदलला! जन्म आणि मयत यांची सूचना आता "बारानंतर, सवडीने." अज्जांचा जुना अर्ज मात्र ठाण्यातच आहे. साहेब म्हणाले, "राहू द्या, फाईलला शोभा आहे."

२२ नोव्हेंबर

दोन्ही बाळं एकदम हसली! एकमेकांकडे बघून!

अज्जांनी आज मला बंदूक उघडून साफ करायला शिकवलं. मला येतं हे त्यांनाही माहीत आहे, तरी शिकवलं. सगळं, पहिल्यापासून. मध्ये मध्ये थांबत होते, दम खात होते. मग गळ्यातली किल्ली काढून माझ्या गळ्यात घातली.

"अज्जा! दोन्ही किल्ल्या एकाच माणसाकडे चालत नाहीत. नियम!"

"म्हणून तुझी पूणच्चाला दे. हरवली तर डाळीत शोध."

६ डिसेंबर

पुत्तरी, नव्या भाताचा सण. पहिली कणसं कापली, एक बार. अज्जांनी खुर्चीतूनच हुकूम सोडला, पूणच्चाने काढला. पोरं दचकली नाहीत. सवय आहे त्यांना!

१९ डिसेंबर

सकाळी पूणच्चाने अंगणात दोन बार काढले. आम्ही पांढऱ्या कपड्यांत वाटेकडे बघत उभे. कुणी येईना. खालच्या मळ्यातून माचय्यांचं हसणं ऐकू आलं— "सुभेदाराऽ! आता कुणाला जुळी?"

तिसरा मी काढला.